मांसपरीक्षा, घरचे मटण आणि श्वानाचा कच्चा आहार

कोल्हापूर हे मटणाच्या दरावरून आंदोलन उभे राहू शकणारे शहर आहे. २०१९ च्या अखेरीस ते प्रत्यक्ष घडले. त्या दिवसांत पेठापेठांतून किलोच्या भावाची चर्चा होत होती, आणि ती व्हावयासही हवी होती. मात्र दुकानात टांगलेल्या बोकडाची कलेजी कशी होती, जनावर कत्तलीपूर्वी कोणी तपासले होते काय, याविषयी कोणी फारसे बोलल्याचे प्रस्तुत लेखकास आठवत नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या वारांना ज्या नगरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची चूल पेटते, तेथील वैद्याने मांसवर्ग हा केवळ परीक्षेपुरता पाठ करावयाचा विषय मानणे योग्य नव्हे.

या लेखास निमित्त झाले ते एका रुग्णाच्या प्रश्नाचे. अम्लपित्तासाठी उपचार घेणारे हे गृहस्थ जाता जाता म्हणाले, “डॉक्टर, आमच्या लॅब्रॅडॉरला आता शिजवलेलं काही देत नाही. कच्चं मटण, कच्ची कलेजी. निसर्गात कुत्रा कुठं शिजवून खातो? आयुर्वेदातही नैसर्गिकच चांगलं म्हणतात ना?” प्रस्तुत लेखकाने त्या वेळी मान डोलावली. ती चूक होती, व ती का होती हे पुढे सांगावयाचे आहे.

वर्ज्य मांस

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या, अन्नपानविधी अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग सांगितले आहेत. त्यांतील मांसवर्गात शेळी व मेंढी यांना आठ योनींपैकी कोणत्याही एका योनीत निश्चितपणे घातलेले नाही. त्यांचा संचार मिश्र प्रदेशात असतो, असे कारण तेथे दिले आहे. अजामांस फार शीत, फार गुरू वा फार स्निग्ध नाही, दोष वाढविणारे नाही, शरीरधातूंशी समान असल्यामुळे अभिष्यंदी नाही आणि बृंहण आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच. त्याच अध्यायात पुढे टाकून द्यावयाच्या मांसाची यादी येते. आपोआप मेलेल्या, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, अगदी बाल, विषाने मेलेल्या, स्वतःच्या चरण्याच्या प्रदेशाबाहेर पोसलेल्या आणि हिंस्र पशूने वा सर्पाने मारलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य होय.

ही यादी घेऊन आजच्या दुकानात उभे राहावे. मृत जनावराचे मांस ओळखणे गिऱ्हाइकास सोपे नाही. परंतु रक्त नीट न निथळलेले, काळपट, बोट लावताच चिकट लागणारे आणि दाबल्यावर खळगा तसाच राहणारे मांस घेऊ नये, एवढे कोणासही कळते. ‘विषहत’ हा शब्द जुना वाटतो, पण त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच काळातील आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर गिधाडे बहुतांशी संपली होती. आजारी जनावरास इंजेक्शन देऊन, औषध शरीरातून उतरण्यापूर्वीच ते विकावयाचे, ही प्रवृत्ती अद्यापि गेलेली नाही. ‘अगोचरभृत’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगताना प्रस्तुत लेखकास पूर्वी बरेच सायास पडत. हल्ली ब्रॉयलर कोंबडीचे नाव घेतले की पुरते.

पाण्याचा फोड

मुख्य मुद्दा कलेजीचा आहे. एका रविवारी दुकानात आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना खाटकाने बोकडाच्या यकृतावरील लिंबाएवढी, पांढुरक्या जाड आवरणाची, पाण्याने भरलेली गाठ सफाईने कापून काढली आणि दुकानाबाहेर बसलेल्या कुत्र्यापुढे टाकली. विचारले असता म्हणाला, “काय नाही डॉक्टर, पाण्याचा फोड हाय. गिऱ्हाइकाला चालत नाही, कुत्र्याला चालतो.” त्याचा हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाइकास स्वच्छ कलेजी मिळाली, कुत्र्याचे पोट भरले. पण एका कृमीच्या जीवनचक्रातील तुटलेला दुवा त्या एका क्षणात जोडला गेला.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा हा पट्टकृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची लांबी काही मिलिमीटरच असते. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडून गवतावर, मातीत, भाजीवर आणि कुत्र्याच्या केसांवर राहतात. शेळ्यामेंढ्या ती चरताना गिळतात व त्यांच्या यकृतात किंवा फुफ्फुसात जलपूर्ण कोष तयार होतो. हा कोष कुत्र्याने कच्चा खाल्ला की त्यातील असंख्य सूक्ष्म शिरांपासून साधारण सहा आठवड्यांत प्रौढ कृमी तयार होतात. कुत्रा मात्र धडधाकटच दिसतो.

मनुष्य या चक्रात चुकून शिरतो. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. कोष असलेल्या जनावराचे मटण वा कलेजी खाल्ल्याने मनुष्यास हा रोग होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्याने. अंगणात खेळणारे मूल कुत्र्यास कुरवाळते आणि तोच हात तोंडात घालते. पुढे यकृतात, त्या खालोखाल फुफ्फुसात, गाठ अतिशय मंद गतीने वाढत जाते. लक्षणे दिसावयास कित्येक वर्षे लागतात, आणि तोपर्यंत त्या कुत्र्याची आठवणही घरात उरलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आहे. मेंढपाळी, उघड्यावरची कत्तल आणि मोकाट कुत्री ही तिन्ही जेथे एकत्र असतात तेथे तो टिकतो. आपल्या परिसराचे वर्णन यापेक्षा वेगळे आहे असे म्हणवत नाही. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी बोकड पडतो तेव्हा वजडी, फुफ्फुस, आतडी यांची विल्हेवाट कशी लागते, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत पाहावे.

(वपेवर लोंबणारी, पातळ पापुद्र्याची पाण्याची पिशवी पुष्कळदा दिसते. ती बहुधा टीनिया हायडॅटिजेना या दुसऱ्या पट्टकृमीची असते आणि मनुष्यास बाधत नाही. परंतु दुकानात उभे राहून हा भेद करीत बसण्याचे कारण नाही. दोन्हीही कुत्र्यास घालावयाची नाहीत.)

‘नैसर्गिक’ म्हणजे काय?

पाळीव कुत्र्यास कच्चे मांस व हाडे देण्याच्या आधुनिक प्रथेस इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यकाच्या १९९३ च्या पुस्तकामुळे मोठा प्रसार मिळाला. आता ती पुण्यामुंबईमार्गे आपल्याकडेही पोहोचली आहे. तिच्यात काहीच तथ्य नाही असे नव्हे. बाजारातील कोरड्या खाद्यावर रुक्ष झालेल्या कुत्र्याची त्वचा मांसाहाराने सुधारल्याचे मालक सांगतात, ते सर्वस्वी खोटे मानू नये. आपल्याकडे पूर्वी श्वापदांना कच्चे मांस दिले जात नव्हते असेही नाही. शाहू महाराज व राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि त्यांना कोणी रस्सा करून वाढीत नव्हते. पण चित्ता ओसरीवर मुलांसमवेत झोपत नव्हता, हा फरक आहे.

आयुर्वेद ‘नैसर्गिक ते हितकर’ असे कोठेही म्हणत नाही. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती हे आठ आहारविधिविशेषायतनांपैकी केवळ एक आहे. त्याच्या लगेच पुढे करण, म्हणजे संस्कार, आणि शेवटी उपयोक्ता. येथे उपयोक्ता श्वान आहे, आणि तो लांडगा नव्हे. हजारो वर्षे मनुष्याच्या उंबऱ्याशी राहून त्याने मनुष्याचे अन्न ओकसात्म्य करून घेतले. स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. भाकरी हे कुत्र्याचे विजातीय अन्न नाही. भाकरी-दुधावर वाढलेला धनगराचा कुत्रा हे आपल्यापुढे आहेच.

एखादा जाणकार सुश्रुताचा दाखला देईल. उत्तरतंत्रात रक्तपित्तामध्ये अतिरक्तस्राव झालेल्या रुग्णास शेळीचे कच्चे यकृत पित्तासह देण्याचा उल्लेख आहे, हे खरे. पण तो आत्ययिक अवस्थेतील, विशिष्ट रुग्णासाठीचा प्रयोग आहे. त्यावरून दररोजचा आहार सिद्ध करणे म्हणजे वमनाचे द्रव्य पथ्य म्हणून देण्यासारखे आहे.

जीवाणूंचा प्रश्न कृमींहून वेगळा. कॅनडात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कच्चा आहार घेणाऱ्या दहा कुत्र्यांच्या अन्नाच्या नमुन्यांपैकी ८० टक्क्यांत, आणि विष्ठेच्या नमुन्यांपैकी ३० टक्क्यांत साल्मोनेला आढळला. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या प्राणिज प्रथिनांविरुद्ध धोरण स्वीकारले. फ्रीजमध्ये गोठविल्याने जीवाणूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. विळी, पाट, ओटा, कुत्र्याची थाळी व ती धुणाऱ्याचे हात हे सर्व एकाच स्वयंपाकघरात असतात. मनुष्यासाठी आणलेले मटण तासभर शिजते. कुत्र्याचा वाटा त्याच पाटावरून कच्चा जातो.

मांजराच्या बाबतीत अधिक सावध असावे. मांजर हा खरा मांसाहारी प्राणी; त्यास मांस हवेच, पण शिजवून. कच्च्या मांसातून मांजरास टॉक्सोप्लाझ्माची बाधा होते व तिच्या विष्ठेद्वारे घरातील गर्भिणीस धोका संभवतो. शिवाय बर्ड फ्लूचे संकट आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला तेव्हा चिंता कोंबड्यांची होती. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले, आणि त्यांना एच५एन१ ची लागण झाल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने निश्चित केले. त्याच महिन्यात अमेरिकेत कच्चे गोठविलेले खाद्य खाल्लेले एक घरचे मांजर याच विषाणूने मेले व ते खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले.

मग काय द्यावे?

उरलेला रस्सा देऊ नये. कोल्हापुरी घरांतून ही चूक कच्च्या मांसाहूनही अधिक होते. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या व मांजराच्या रक्तपेशी फुटून पांडुता येते. आणि आपल्या वाटणात दुसरे असते काय? शिजवलेली नळी वा बरगडीही देऊ नये. शिजलेल्या हाडाच्या धारदार चिरफळ्या होऊन त्या आतड्यात रुततात. वाटण घालण्यापूर्वी आळणी शिजवलेले मटण वेगळे काढावे व भात किंवा भाकरीत कालवून द्यावे. नुसत्या मांसावर पिल्लू वाढवू नये. मांसात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असल्याने अस्थी मऊ पडतात. मेंढीचे यकृत वा फुफ्फुस ३० मिनिटे उकळल्यास कोषातील कृमी मरतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. म्हणून कलेजी द्यावयाचीच तर पाण्याला उकळी फुटल्यापासून अर्धा तास मोजावा. कोष दिसल्यास तो तुकडा उकळून किंवा जाळून, नाहीतर कुत्रा उकरू शकणार नाही इतका खोल पुरून टाकावा.

कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित प्राझिक्वाँटेल द्यावे. विडंगावर प्रस्तुत लेखकाचा विश्वास आहे. या कृमीसाठी मात्र त्यावर विसंबू नये. चरकाने कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन भाग केले आहेत. त्यांतील तिसरा भाग येथे खाटकाच्या दुकानापाशी सुरू होतो.

चिकित्सालयात व निर्माणशाळेत

उजव्या कुशीत जडपणा, मंद वेदना, हाताला लागणारी गोल गाठ असा रुग्ण आल्यास गुल्म वा यकृद्दाल्युदर म्हणून स्नेहन-विरेचनाकडे वळण्यापूर्वी सोनोग्राफी करावी. जलकोष असल्यास उदरावर मर्दन करू नये, गाठ दाबून पाहू नये. कोष फुटल्यास तीव्र अ‍ॅलर्जीने रुग्ण दगावू शकतो, आणि वाचल्यास उदरात नवे कोष रुजतात. असा रुग्ण विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावा. नव्या केसपेपरवर ‘घरी कुत्रा आहे काय? तो काय खातो?’ या दोन ओळी छापून घेण्यास खर्च येत नाही.

महामाष तैल, छागलाद्य घृत यांसारख्या कल्पांसाठी अजामांस खरेदी करणाऱ्या औषधनिर्मात्यांनी ते तपासणी झालेल्या कत्तलखान्यातूनच घ्यावे. अनुसूची टी नुसार अन्य कच्च्या द्रव्यांची नोंद ठेवली जाते, तशी मांसाचीही दिनांक व पुरवठादारासह ठेवावी. वेगळे काढलेले यकृत, फुफ्फुस, आतडी कारखान्याच्या मागील दाराने रखवालीच्या कुत्र्यांकडे जाऊ देऊ नये. पाक झाल्यावर गाळून उरलेला चोथाही त्यांना घालू नये. त्यातील मांस शिजलेले असले तरी कल्कद्रव्ये त्यातच असतात. रुग्णास मान डोलावून दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकाने पुढील भेटीत मागे घेतले. त्या कुत्र्याची कलेजी आता उकळून दिली जाते. ती त्यास पूर्वीइतकी आवडत नाही, असे गृहस्थांचे म्हणणे आहे.