शांत दिवसांत खणलेले तळघर



अमेरिकेच्या कॅन्सास राज्यात ग्रीन्सबर्ग नावाचे शेतकऱ्यांचे एक छोटे गाव आहे. सभोवार गव्हाची शेते आणि जेमतेम दीड हजार वस्ती, असे ते २००७ सालापर्यंत होते. ४ मे २००७ रोजी, शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास तेथे टोर्नाडो आला आणि काही मिनिटांत गावाचा सुमारे ९५ टक्के भाग जमीनदोस्त झाला. घरे, दुकाने, शाळा, इस्पितळ, चर्च, जवळजवळ सारे गेले.

टोर्नाडो म्हणजे काय?

आपल्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ समुद्रावर तयार होते आणि शेकडो किलोमीटर पसरलेले असते. त्याची सूचना बहुधा काही दिवस आधी मिळते. टोर्नाडोचे तसे नाही. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उबदार, दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा कॅन्सासच्या मैदानावर भेटतात व प्रचंड गडगडाटी ढग तयार होतात. उंचावर वाऱ्याची दिशा व वेग बदलत असेल तर असा ढग स्वतःभोवती फिरू लागतो आणि कधी कधी त्यातून हवेचा फिरता खांब जमिनीवर उतरतो.

बहुतेक टोर्नाडो लहान असतात. ग्रीन्सबर्गचा टोर्नाडो सुमारे २.७ किलोमीटर रुंद, म्हणजे गावापेक्षा मोठा होता. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास होता. फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत टोर्नाडोची तीव्रता सुधारित फुजिता श्रेणीने, ० ते ५ अशी ठरवतात. त्या श्रेणीत ५ हा आकडा मिळालेला हा पहिला टोर्नाडो.

एवढे असूनही मृतांची संख्या बाराच्या आसपास राहिली. प्रत्येक मृत्यू हा एका घराचा आकांत असतो, हे खरे. पण पडलेले गाव पाहिले तर शेकडो माणसे दगावली असती असेच कोणालाही वाटेल. मग लोक वाचले कसे? हवामान खात्याने सुमारे वीस मिनिटे आधी इशारा दिला. गावात भोंगे वाजले. लोकांनी ते ऐकले आणि ते तळघरात उतरले. इशारा वीस मिनिटांचा होता, पण तळघर वीस मिनिटांत खणता येत नाही. ते कोणीतरी आभाळ निरभ्र असताना खणून ठेवले होते.

याच गावात १८८७-८८ साली हातांनी खणलेली १०९ फूट खोल विहीर आहे. टोर्नाडोत तिच्यावरची इमारत पडली, विहीर मात्र राहिली.

पाया खोल खणून खडकावर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे (६:४८). पूर येणारच नाही असे त्यात म्हटलेले नाही. पूर दोन्ही घरांवर येतो. म्हणून ज्यांची घरे पडली ते अधिक पापी होते असे आपण कधीही म्हणू नये. खणण्याचे कष्ट आधी घ्यावेत, एवढेच तो दाखला सांगतो.

पुढे काय झाले?

गाव सोडायचे नाही असे राहिलेल्यांनी ठरवले. सार्वजनिक इमारती ऊर्जा वाचवणाऱ्या उच्च दर्जाच्या बांधायच्या असा ठराव नगर परिषदेने केला. २०१० साली नवी शाळा उघडली. त्याच सुमारास गावाबाहेर दहा पवनचक्क्या वीज निर्माण करू लागल्या. तरी सगळे परतले नाहीत. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७४० भरली, म्हणजे पूर्वीच्या निम्मीच. उभारणी झाली म्हणून नुकसान पुसले जात नाही, हेही ग्रीन्सबर्ग आपल्याला शिकवते.

घरी चर्चेसाठी :

१. धोक्याचा इशारा मिळाला तर आपल्या घरातील माणसे कोठे जमतील, हे ठरले आहे काय?

२. शेजारी एकटे राहणाऱ्या वृद्धांना हाक मारायला कोण जाईल?

३. संकट नसताना आपण आज काय खणून ठेवत आहोत?