मुंबईच्या सागाची युद्धनौका

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे ‘ट्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. आम्ही काही माजी विद्यार्थी ती पाहावयास गेलो, ते तिचे मुंबईशी असलेले नाते जाणून. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली.

त्या काळी इंग्लंडात जहाजांसाठी लागणारे ओकचे लाकूड दुर्मीळ झाले होते. म्हणून मलबारचा साग निवडण्यात आला. सागात नैसर्गिक तेल असल्याने तो सहजी कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडही फारसे गंजत नाही.

खालच्या मजल्यावर आम्हांस वाकूनच चालावे लागले. येथेच खलाशी तुळयांना झोळ्या टांगून निजत असत.

१८९७ साली ही नौका भंगारात विकली गेली होती. व्हीटली कॉब यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली, तिचे नाव बदलले आणि तिच्यावर मुलांसाठी प्रशिक्षण सुरू केले. १९८६ पर्यंत मुले तिच्यावर राहून शिकत होती. पुढे हार्टलपूलला तिचा जीर्णोद्धार झाला व मूळ नावही परत मिळाले.

साग कितीही चिवट असला, तरी मुले तेथे राहिली नसती तर ही नौका आज दिसली नसती. आपल्या जुन्या वसतिगृहाचा विचार करताना आम्हां माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे.