आधी हवा सोडायला शिका

त्या रविवारी रात्री उमरेडला व्हिडिओ कॉल लावला, बोलता बोलता बाही वर सरकली आणि आई ओरडली, "कोनं मारलं रे तुले?" दंडावर वेताच्या छडीचे असावेत तसे जांभळे वळ होते. मांडीवरचे तिला दिसले नाहीत, हे बरंच झालं. मारलं होतं इंग्लंडमधल्या एका खाणीतल्या पाण्यानं, आणि दोष सगळा माझा.

मी पोहायला शिकलो मकरधोकड्याच्या तलावात. वडील कोळसा खाणीत डंपरवर होते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला थंड पाण्याची हौस असतेच. स्कूबा पहिल्यांदा केलं तारकर्लीला, रीतसर शिकलो अंदमानात. तिथलं पाणी इतकं कोमट की अंगाला चिकटणारा पातळ वेटसूट पुरे. मग नोकरीनं लेस्टरला नेलं. तिथून जवळच स्टोनी कोव्ह आहे. ही ग्रॅनाइटची खाण बंद पडून पाण्यानं भरली आणि आता डायव्हर लोकांची शाळा झाली आहे. उमरेडच्या खाणीत ज्याला बेंच म्हणतात तशा पायऱ्या तिथं पाण्याखाली आहेत. पहिली सुमारे ७ मीटरवर, दुसरी वीस-बावीसवर, तळ पस्तिसाच्या आसपास. हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांवर येतं. तिथं ड्रायसूटच हवा.

वेटसूटमध्ये पाणी शिरतं, ड्रायसूटमध्ये शिरत नाही. मानेला आणि मनगटांना घट्ट सील, पायाला जोडलेले बूट, आत रजईसारखा उबदार थर. ऊब देते ती या थरात अडकलेली हवा, आणि खोड्याही तिच्याच. १० मीटर खाली गेलात की दाब दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्मी उरते. २० मीटरवर एक तृतीयांश. म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो. उथळ पाणी सोपं असं समजणाऱ्यानं हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. हवा आक्रसली की सूट अंगावर चपटा होतो, त्याच्या घड्या कातडी चिमटीत धरतात. डायव्हर याला स्क्वीझ म्हणतात, मी आवळ म्हणतो.

उपाय छातीवरच आहे. तिथलं बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा सूटमध्ये येते. मी ते दाबलंच नाही. सूट फुगला तर फुग्यासारखा वर जाईन, या भीतीनं हवा न भरताच २० मीटरवर गेलो. छाती पुरती फुगेना, हात डोक्यापर्यंत जाईना, शिवाय थंडीही वाजली, कारण दाबून चपटी झालेली रजई ऊब देत नाही. वळ आले ते असे.

जुन्या काळी हाच आवळ जीव घेई. १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबेनं लंडनमध्ये शिरस्त्राण जोडलेला बंद सूट बनवला. त्यात हवेची नळी वर कुठं तुटली आणि हवा परत जाऊ न देणारी झडप नसली, तर खालच्या पाण्याचा दाब माणसाला त्या तांब्याच्या शिरस्त्राणात कोंबत असे. त्यापुढं माझे वळ म्हणजे लाडच.

दुसऱ्या आठवड्यात मी नेमका उलटा शहाणपणा केला. सूट जुना, स्वस्तात घेतलेला, माझ्यापेक्षा एक माप मोठा. आपल्याकडे पोरांना शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तसा. एवढ्या ढगळ सूटमध्ये जास्त हवा मावते, म्हणून बुडेना. मग बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं दोन किलोनं वाढवलं. शिसं वाढलं म्हणून खाली तरंगायला आणखी हवा भरावी लागली. आता सूटमध्ये एक मोठा बुडबुडा इकडून तिकडे फिरत होता, आणि डाइव्ह संपत आल्यावर ७ मीटरच्या बेंचवर मी एका पर्च माशाला पाहायला डोकं खाली करून वाकलो.

हवा पायांकडे पळाली. मोठे बूट फुगले, एक फिन निम्मा निसटला, आणि मी उलटा टांगल्यासारखा वर निघालो. जसजसा वर तसतशी हवा फुगत गेली. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर असतो. उमरेडच्या माणसाला 'डम्प' शब्द समजवावा लागत नाही, आणि या व्हॉल्व्हलाही डम्प व्हॉल्व्हच म्हणतात. पण हवा पायात आणि व्हॉल्व्ह खाली, मग सुटणार काय? मी घाबरून ओरडत होतो, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात धरून. सोबत उतरलेला जोडीदार नंतर म्हणाला, ओरडलास म्हणून वाचलास. श्वास धरला असता तर ७ मीटरवर भरलेली छाती वर पोचेपर्यंत दीडपटीहून जास्त फुगायला बघते, आणि फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरसुद्धा पुरतात. त्या दिवशी दुसरी डाइव्ह रद्द केली आणि काही त्रास सुरू झालाच तर कळावा म्हणून दिवसभर इतरांच्या नजरेखाली बसून राहिलो.

आता विदर्भातली बरीच पोरं आयर्लंड, स्कॉटलंड, नॉर्वेला आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सूट घेताना आत घालायचा जाड थर अंगात असतानाच माप बघा. उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, स्वतःला मिठी मारा, मग पाठीमागं सिलिंडरच्या व्हॉल्व्हला हात पोचतो का पाहा. कुठं ओढ बसली तर लहान, आणि काखेत, पोटऱ्यांवर, पावलांत मूठभर कापड उरलं तर मोठा. बूट मोठे तर मुळीच नको. मानेची सील वाजवीपेक्षा घट्ट असेल तर गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येते, ती पहिल्यांदा घरी बसून घालून पाहा.

पाण्यात उतरण्याआधी उकिडवं बसून, दोन बोटांनी मानेची सील जराशी उघडून आतली हवा काढा. उतरताना पाय खाली ठेवा आणि बटण टिचक्या मारल्यासारखं दाबा. थंड पाण्यात ते दाबून धरलं तर गोठून अडकू शकतं. अडकलंच तर बटणाला हवा आणणारी छातीवरची नळी उपटायची, आणि हे जाड हातमोजे घालून उथळ पाण्यात दहा वेळा केलेलं असलं पाहिजे. हवा आवळ सुटण्यापुरतीच भरा. वर येताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावं कोपर उंच, आणि हे निघण्याआधी. निघाल्यावर आठवलं तर हवा तुमच्यापुढं धावत असते.

शिशाचं माप असं: सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा उरलेली असताना, सूटमधली हवा काढून टाकल्यावर ५ मीटरवर शांत थांबता आलं पाहिजे. त्याहून जास्त एक किलोही नको. आणि पाय वर गेलेच तर गुडघे छातीशी घ्या, कोलांटी मारून सरळ व्हा, मगच हात वर करा. मी हे तलावात डझनभर वेळा केलं तेव्हा कुठं अंगवळणी पडलं. ड्रायसूटचा वेगळा कोर्स असतो. तो मी नंतर केला, तुम्ही आधी करा.

तो मोठा सूट अजून माझ्याकडे आहे. विकायला काढला तर भाव बघून घेणारा माझ्यासारखाच कोणी भेटेल, म्हणून त्याची मानेची सील कापून ठेवली आहे.