अंत्युखियाची मंडळी आणि सर्व राष्ट्रें

वाचण्याचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें ११:१९-३०, १३:१-३. ताडून पाहावें : मत्तय २८:१६-२०, गलती २:११-१४.

पुनरुत्थानानंतर गालीलांतील डोंगरावर प्रभूनें अकरा शिष्यांस जी आज्ञा दिली, ती आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. शब्बाथ शाळेंतील लहान मुलेंही ती म्हणून दाखवितात. परंतु आज्ञा पाठ असणें निराळें आणि ती पाळणें निराळें. खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत असा समज आढळतो कीं, ही आज्ञा मिशनऱ्यांस, पाळकांस, फार तर उपदेशकांस आहे. आपण रविवारीं उपासनेस यावें, यथाशक्ति दान द्यावें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. हा समज शास्त्रास धरून आहे काय, हें अंत्युखियाच्या मंडळीच्या वृत्तांतावरून पाहूं.

१. आज्ञेचा अर्थ. मत्तयाच्या ग्रीक मूळांत या आज्ञेंतील मुख्य क्रियापद ‘शिष्य करा’ हें आहे. जाणें, बाप्तिस्मा देणें व शिकविणें हीं तिन्हीं कामें त्या एका कामाच्या पोटांत येतात. यास्तव केवळ भाषण करून परत आल्यानें आज्ञा पुरी होत नाहीं. माणूस प्रभूचा शिष्य होईपर्यंत त्याच्यापाशीं बसावें लागतें. तसेंच ‘राष्ट्र’ या शब्दानें येथें एखाद्या राजाचें राज्य समजावयाचें नाहीं. मूळ शब्दाचा अर्थ जनसमूह असा आहे, व यहूदी लोक आपल्याबाहेरील सर्व लोकांस तोच शब्द लावीत. ज्यांस यहूदी परके म्हणत, त्यांचीच आठवण प्रभूनें या आज्ञेंत केली. म्हणून नदीपलीकडील वस्ती आणि वेशीजवळील दुसरी आळी हींही या आज्ञेंत येतात.

२. पहिले सांगणारे कोण? अंत्युखिया हें सूरिया प्रांताचें मुख्य नगर ओरंतेस नदीच्या कांठीं, यरुशलेमेपासून सुमारें ३०० मैल उत्तरेस होतें. रोम व आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल रोमी साम्राज्यांत त्याची गणना होत असे. आज तें तुर्कस्थानांत आहे व त्यास अंताक्या म्हणतात. स्तेफनाच्या वधानंतर छळ झाला आणि विश्वासणारे दाही दिशांस पांगले. त्यांतील बहुतेक जण केवळ यहूद्यांसच वचन सांगत. परंतु कुप्र बेटाच्या व आफ्रिकेंतील कुरेने नगराच्या कित्येकांनीं अंत्युखियांत येऊन ग्रीक लोकांसही प्रभु येशूची सुवार्ता सांगितली. लूकानें त्यांचीं नांवें दिलीं नाहींत. त्यांस कोणी नेमून पाठविलें असेंही लिहिलेलें नाहीं. घरदार सोडून पळालेले हे लोक जेथें गेले तेथें बोलले, आणि प्रभूचा हात त्यांच्याबरोबर होता. मग पोटासाठीं साखर कारखान्यावर, वीटभट्टीवर किंवा मुंबईस जाणारा आपला बंधु आपणांस साक्षीचें काम नाहीं असें कसें म्हणेल?

३. शिकविणाऱ्यांची गरज. ही वार्ता ऐकून यरुशलेमेच्या मंडळीनें बर्णबास पाठविलें. नवीन लोक निराळ्या कुळांचे व निराळ्या चालींचे आहेत हें पाहून तो खिन्न झाला नाहीं. देवाची कृपा पाहून त्यास आनंद झाला. एकट्यानें काम निभणार नाहीं हें ओळखून त्यानें तार्सास जाऊन शौलास शोधून आणिलें, व दोघांनीं वर्षभर लोकांस शिकविलें. उपदेशक बंधूंनो, हें ध्यानांत घ्या. आपल्याहून अधिक समर्थ मनुष्यास बोलावून आणण्यांत बर्णबास कमीपणा वाटला नाहीं.

४. एक मेज. याच नगरांत शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें. आणि याच नगरांत एक कठीण प्रसंग आला. पेत्र प्रथम परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीस बसून जेवत असे. परंतु याकोबाकडील कांहीं मंडळी येतांच तो भिऊन वेगळा राहूं लागला, आणि बर्णबाही त्याच्यामागें गेला. पौलानें सर्वांदेखत पेत्रास दोष लाविला. गोष्ट जेवणाची दिसते. परंतु पौलाच्या दृष्टीनें तींत सुवार्तेचें सत्यच पणास लागलें होतें. वचन सर्वांस सांगावयाचें आणि ताट मात्र आपल्याच लोकांबरोबर मांडावयाचें, तर ऐकणारा त्या वचनावर विश्वास कसा ठेवील? आपल्यांतही एका जातींतून आलेली मंडळी दुसऱ्या जातींतून आलेल्यांच्या घरीं पाणी घेत नसेल, लग्नकार्यांत निराळी पंगत मांडीत असेल, अगर प्रभुभोजनास मागेंपुढें पाहत असेल, तर गांव तें पाहत आहे. अशा ठिकाणीं सर्व राष्ट्रांचा आरंभ मंदिराच्या आंतच करावा लागेल.

५. घेणारे देणारे झाले. अगबानें दुष्काळाचें भविष्य सांगितलें, व क्लौद्य कैसराच्या वेळीं (इ. स. ४१ ते ५४) तो पडला. तेव्हां या नवीन मंडळींतील प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें यहूदियांतील बंधूंस साहाय्य पाठविलें. पुढें उपास व प्रार्थना करून त्यांनीं आपल्या पांच शिक्षकांपैकीं दोघे, बर्णबा व शौल, दूर देशीं पाठविले. उरलेसुरले मनुष्य पाठविले असें नाहीं. उत्तम तेच दिले. ते परत आले तेव्हां सर्व मंडळी जमवून देवानें काय केलें तें त्यांनीं सांगितलें (१४:२७). ज्यांनीं पाठविलें त्यांसही कापणीचा आनंद मिळाला.

६. आपल्या देशांत. मराठी नवा करार इ. स. १८११ मध्यें श्रीरामपूर येथें छापला गेला, आणि अमेरिकेहून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले. पाठविणारे परके होते व घेणारे आपण होतों. परंतु ता. २५ डिसेंबर १९०५ रोजीं त्याच श्रीरामपुरांत हिंदी ख्रिस्ती लोकांनीं राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापिली. माणसें, पैसा व व्यवस्था हीं सर्व याच देशाचीं असावींत असा तिचा नियम होता. तिचे पहिले चिटणीस व्ही. एस. अजर्‍या पुढें १९१२ सालीं दोर्नकलचे बिशप झाले. घेणारी मंडळी देणारी होऊं शकते, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, पाठविण्यास धन पाहिजे असें म्हणून थांबूं नका. मूठभर धान्य वेगळें ठेवणारी भगिनी, आठवड्यांतून एक संध्याकाळ शेजारच्या वस्तीस देणारा तरुण, आणि या दोघांसाठीं नांव घेऊन प्रार्थना करणारी मंडळी, इतक्यावर अंत्युखिया उभी राहते.

विचारासाठीं प्रश्न :
(१) आपल्या गांवापासून दोन कोसांच्या आंत सुवार्ता न पोहोंचलेली कोणती वस्ती आहे?
(२) तेथें कोणाची सोयरीक, मजुरी अगर ओळख आहे?
(३) आपल्या पंक्तीस अद्याप कोणास स्थान नाहीं?

प्रार्थनेचा विषय : प्रभूनें आपल्या मंडळींतून दोघांस वेगळें करावें, व त्यांस पाठविण्याचें धैर्य आपणांस द्यावें.