ताग कशासाठी पेरायचा?

गावाच्या वरच्या अंगाला माळ असतो. तिथली जमीन बरड. वीतभर खणले की मुरूम लागतो. पाऊस पडला की पाणी वाहून जाते, आणि चार दिवस ऊन पडले की पीक माना टाकते. असे रान ज्याच्या वाट्याला येते, तो म्हणतो, "आपलं नशीबच बरड!"

पण अशा रानात कस आणणारे एक जुने पीक आपल्याकडे आहे. त्याचे नाव ताग. कोणी त्याला सण म्हणतात, कोणी बोरू म्हणतात. हा ताग डोक्याच्या वर वाढतो. त्याला पिवळी फुले येतात. वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळ वाजतात. पोती ज्याची करतात तो बंगालकडचा ताग निराळा.

इंग्रजीत आपल्या तागाला 'बॉम्बे हेंप' असेही नाव पडले. हेंप म्हणजे भांग. पण ताग ही भांग नव्हे. तागात नशा नाही, आणि तो पेरायला परवाना लागत नाही. भांगेचे झाड परवान्यावाचून लावणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. उत्तराखंड सरकारने २०१८ साली धाग्यासाठी कमी नशेची भांग लावायला परवानगी दिली, पण तिथेही परवाना घ्यावाच लागतो. "भांग लावा, माळावर सोनं पिकेल," असे सांगत कोणी बी विकायला आला, तर आधी कागद मागा.

आता ताग काय करतो ते पाहू. तागाचे रोप हलक्या हाताने उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते हवेतले नत्र धरून झाडाला देतात. नत्र म्हणजे पिकाचे मुख्य अन्न. युरियाच्या गोणीत आपण तेच विकत आणतो.

हिशेब करा. एक टन हिरव्या तागात सुमारे ४ ते ५ किलो नत्र असते. ५ टन ताग जमिनीत गाडला, तर २० ते २५ किलो नत्र मिळाले. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. म्हणजे एका गोणीएवढे नत्र रानातच तयार झाले. शिवाय पाला कुजून माती भुसभुशीत होते आणि ओल धरते. ते काम गोणी करत नाही.

मग चूक कुठे होते? माझीच चूक सांगतो. नोकरी संपल्यावर मी माझ्या दोन एकर बरडात ताग पेरला. घरची माणसे म्हणाली, "पेरायचं आणि गाडायचं? हे कसलं शेत?" ताग फुलावर आला. गाडायची वेळ झाली होती. पण मला लोभ सुटला. वाटले, थोडा थांबू, दोरांना वाखही काढू आणि उरलेला गाडू. थांबलो. ताठे काठीसारखे टणक झाले. पाऊसही उघडला. वाख नीट निघाला नाही, आणि गाडलेला ताग कुजला नाही. पुढची ज्वारी पिवळी पडली. टणक काड्या कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतात, हे मला तेव्हा कळले. मुलांना आयुष्यभर गणित शिकवले, आणि स्वतःचा हिशेब चुकलो!

म्हणून पेरण्याआधीच ठरवा: ताग जमिनीला द्यायचा की दोराला?

जमिनीला द्यायचा असेल तर पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफशावर एकरी २० ते २५ किलो बी पेरा. पाणी तुंबू देऊ नका. ४५ ते ५० दिवसांनी, फुले येऊ लागताच, आडवा पाडून नांगराने गाडा. त्या वेळी जमिनीत ओल हवी. वरून पाऊस मिळाला तर तो लवकर कुजतो.

दोरासाठी चार-दोन गुंठे वेगळे ठेवा. तिथला ताग शेंगा धरेपर्यंत उभा राहू द्या. मग कापून, पेंढ्या बांधून पाण्यात भिजत घाला. साल सुटू लागली की वाख काढा, धुवा, वाळवा. दावी, कासरे घरचे होतील. पेंढ्यांनी पाणी नासते, मासे मरतात. म्हणून पिण्याच्या पाण्यात त्या कधीही टाकू नका. एका कोपऱ्यात थोडा ताग बियाला राखा. हे बी गुरांना बाधते, ते त्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

एक गोष्ट खरी, की ताग गाडला तर त्या हंगामाचे पीक जाते. गरिबाला सगळे रान अडकवून चालत नाही. म्हणून रानाचे तीन भाग करा. दर वर्षी एका भागात ताग, दोन भागांत पोटाचे पीक. तीन वर्षांत सगळ्या रानाला ताग मिळेल. मीही आता तसेच करतो. यंदा ताग गाडलेल्या भागाला पुढच्या वर्षी बाजरी येते, ती बांधावरून पाहताच ओळखू येते. तिचा रंगच काळाभोर असतो.

वाचा आणि सांगा

१. तागाच्या मुळांवरच्या गाठी काय काम करतात?
२. गुरुजींची ज्वारी पिवळी का पडली?
३. ३ टन ताग गाडला तर किती किलो नत्र मिळेल?
४. तुमच्या रानाचे तीन भाग कसे कराल? पाटीवर आकृती काढा.