धुऱ्यावरची शिंदी : शेंडा राखा, झाड राखा



सडक अर्जुनी परिसरात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बोडीच्या पाळीवर व नाल्याकाठी शिंदीची झाडे दिसतात. ती बहुधा कोणी लावलेली नसतात, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांपासून उगवतात. त्यामुळे एखादे झाड वाळले तरी त्याच्या जागी दुसरे लावण्याचा विचार आपण करीत नाही. फडा मात्र दरवर्षी लागतोच.

ओळख

शिंदीचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. खजूर याच कुळातील आहे. खजुराला बुडाशी पिलके फुटतात, शिंदीला सहसा फुटत नाहीत. म्हणून लागवड बियांपासूनच करावी लागते. झाड १० ते १५ मीटरपर्यंत वाढते. नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा आल्याशिवाय त्यांची ओळख पटत नाही. फळे उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. त्यांत गर थोडा व बी मोठी असते.

उपयोग

पानांपासून फडे, चटया व टोपल्या होतात. लक्ष्मीपूजनाला पुजली जाणारी केरसुणीही शिंदीचीच. दाट मुळ्यांमुळे धुऱ्याची माती धरून ठेवली जाते. बंगालमध्ये हिवाळ्यात शिंदीच्या रसापासून उत्तम गूळ करतात.

झाड का मरते?

आंबा किंवा बाभूळ छाटली तर बगलेतून नवी फूट येते. शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात असतो. तो तुटला की झाड गेले. तसेच खोडावरची जखम इतर झाडांप्रमाणे नवी साल येऊन भरत नाही, ती कायम राहते. फड्यासाठी कोवळे, लवचीक पान हवे असते आणि ते शेंड्याजवळच मिळते. घाईत कोयता खोल गेला की नुकसान होते. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. मधली न उमललेली सुई कधीही कापू नये.
२. एकाच झाडाची सर्व पाने न काढता प्रत्येक झाडावरून थोडी थोडी घ्यावीत. निम्म्याहून अधिक हिरवी पाने झाडावर राहू द्यावीत.
३. रस काढताना एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी विरुद्ध बाजू तासावी व मध्ये विश्रांतीचे दिवस द्यावेत. त्यासाठी दारूबंदी कायद्यानुसार परवाना आवश्यक आहे.
४. मडके जाळीने झाकावे. वटवाघळांनी उष्टावलेल्या कच्च्या रसातून बांगलादेशात निपाह रोग पसरल्याचे आढळले आहे.
५. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तर गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो. खतखड्डा झाडापासून दूर ठेवावा. शेंड्यातील भुंगा तारेच्या हुकाने काढून मारावा.

लागवड

जून-जुलैमध्ये पूर्ण पिकलेल्या फळांतील बी गर धुऊन घ्यावी. दोन दिवस पाण्यात भिजवावी व पाणी रोज बदलावे. बी उगवताना आधी एक दांडा खाली जमिनीत जातो व त्यातून रोप वर येते. म्हणून उथळ वाफ्याऐवजी किमान एक फूट खोल पिशवी वापरावी. उगवण दोन-तीन महिन्यांत होते, तोपर्यंत पिशव्या टाकून देऊ नयेत.

पुढच्या पावसाळ्यात, रोवणीच्या सुमारास, धुऱ्यावर २ × २ × २ फुटांचे खड्डे ५ ते ६ मीटर अंतरावर घेऊन शेणखत व माती भरावी. रोपाची हुंडी फुटू न देता लावावे. पाणी साचणारी जागा टाळावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे आणि गुरांपासून काट्यांचे कुंपण करावे.

शिंदी सावकाश वाढते, आज लावलेले रोप लगेच पान देणार नाही. म्हणूनच जुने झाड जपणे व नवे लावणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. या पावसाळ्यात प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरील झाडे मोजावीत, शेंडा गेलेली किती ते पाहावे आणि निदान तेवढ्या पिशव्या तरी भराव्यात.