दाताचे मूळ आणि दाताचे पृष्ठ



तुझे पत्र व दंतचक्रांच्या जोडीचा हिशेब पोचला. दात वाकून मोडण्याविरुद्धचा सुरक्षा गुणक 2 आणि पृष्ठाचा 1.5 निघाल्यामुळे पृष्ठच दुबळे असे ठरवून तू चक्रांची रुंदी वाढवण्याची तजवीज केली आहेस. आकडे बिनचूक आहेत, निष्कर्ष मात्र उलटा आहे. दोन वक्र पृष्ठे परस्परांवर दाबली जातात तेव्हा स्पर्शाची जागा एक अरुंद पट्टी असते, आणि भार वाढेल तशी ती पट्टीही रुंदावत जात असल्यामुळे तेथील प्रतिबल भाराच्या नव्हे, तर भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ याने 1881 सालीच दाखवून दिले. भार चौपट, तर प्रतिबल दुप्पट. यास्तव प्रतिबलावरून काढलेला तुझा 1.5 भाराच्या भाषेत 2.25 होतो; दात जेथे वाकून मोडतो त्या मुळाशी मात्र प्रतिबल भाराच्या सरळ प्रमाणात असल्याने तेथला 2 हा 2 च राहतो. तुझ्या जोडीत दुबळे आहे ते मूळ.

रुंदी वाढवल्याने दोन्ही क्षमता सारख्याच वाढतील आणि हा क्रम तसाच राहील. व्यास कायम ठेवून मॉड्यूल, म्हणजे दाताचे माप, वाढव, म्हणजे मुळाला बळ येईल. मात्र त्याने दातांची संख्या घटते, म्हणून 20 अंशांच्या दाबकोनात पिनियनचे, म्हणजे लहान चक्राचे, दात 17 च्या खाली नेऊ नकोस, नाही तर मूळच कोरले जाईल. पृष्ठावर पडणारे खळगे, ज्यांना कारागीर पिटिंग म्हणतात, ते हळूहळू पसरतात व आवाजाने आगाऊ वर्दी देतात; दात मोडतो तो एका क्षणात, आणि त्याचा तुकडा उरलेली चक्रेही फोडतो. म्हणून पहिली हार पृष्ठाची व्हावी, अशीच योजना मला मान्य आहे. तुझ्या 20 दातांच्या पिनियनचा प्रत्येक दात 80 दातांच्या चक्राच्या दातापेक्षा चौपट वेळा भाराखाली येतो, तेव्हा पिनियनचे पोलाद अधिक कठीण ठेव.

आणखी एक. उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात, कागदावर उत्तम गुणक असलेल्या उघड्या चक्रांचे दात तेलात धूळ मिसळल्याने सुरीसारखे पातळ झालेले मी पाहिले, आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपला गुणक धातूच्या शिणवट्याचा जामीन आहे, धुळीच्या घर्षणाचा नव्हे; त्याचा बंदोबस्त बंद पेटी आणि गाळलेले तेल यांनीच होतो.

दुरुस्त आराखडा दप्तरी दाखल करण्यापूर्वी त्याची एक प्रत मला अवश्य धाड.

तुझा,
काका